चौकातला उपद्रव आणि चौकातली भीक: एक अर्ज नको, दोन हवेत

आपण लिहिले आहे की, उपनगरी स्टेशनजवळच्या आपल्या वसाहतीच्या कोपऱ्यावर रोज रात्री एक टोळके दारू पीत बसते, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर शेरे मारते आणि पानवाल्याकडून फुकट सिगारेटी उचलते. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींनी त्यांना एकदा हटकले, तेव्हापासून त्यांच्या दारावर दगड पडू लागले आणि आता त्या संध्याकाळी देवळातही जात नाहीत. त्याच चौकातल्या सिग्नलवर पंधराएक माणसे भीक मागतात आणि त्यांतल्या काही बायकांच्या कडेवर झोपलेली बाळे असतात. या सगळ्यावर समितीने एकच अर्ज तयार केला असून ‘परिसरातील उपद्रवी व भिकारी यांना तातडीने हटवावे’ असा त्याचा मजकूर आहे. हा अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा का, असे आपण विचारले आहे.

माझे स्पष्ट मत असे की, हा अर्ज या स्वरूपात देऊ नये. मी सत्तावीस वर्षे परिवीक्षा अधिकारी म्हणून काम केले. त्यांतली बरीच वर्षे भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली पकडून आणलेल्या माणसांची चौकशी करून न्यायालयाला अहवाल देण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर मी उपद्रवाने त्रासलेल्या तक्रारदारांबरोबर ठाण्यात जाऊन बसते. दोन्ही बाजूंनी हे काम पाहिल्यावर सांगते की, अशा एकत्र अर्जाचा शेवट बहुतेक वेळा सारखाच होतो. एक दिवस गाडी येते, सिग्नलवरची माणसे भरून नेली जातात, कारण ती पळू शकत नाहीत आणि त्यांच्या बाजूने विचारायला कोणी येत नाही. टोळके दोन तास गल्लीबाहेर थांबते आणि परत येते. अर्ज निकाली निघाल्याची नोंद होते, आणि आजींच्या दाराची कडी लागलेलीच राहते.

म्हणून आधी आजींविषयी. त्यांना सर्वांत आधी काय हवे असेल, तर आपण एकट्या नाही याची खात्री. वसाहतीतली जाणती माणसे भेटायला जातात आणि नकळत विचारतात, ‘तुम्ही कशाला बोलायला गेलात?’ हा प्रश्न मी इतक्या घरांत ऐकला आहे की, त्याने होणारे नुकसान मला दगडाइतकेच मोठे वाटते. त्यानंतर ती व्यक्ती कोणालाच काही सांगत नाही. समितीतल्या एकाच व्यक्तीने, शक्यतो आजींच्या ओळखीच्या बाईंनी, त्यांच्याशी रोजचा संपर्क ठेवावा, म्हणजे आजींना तीच हकिकत दहा जणांना दहा वेळा सांगावी लागणार नाही. संध्याकाळी देवळात जाताना आठवडाभर दोघीतिघींनी त्यांच्याबरोबर चालावे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यात करता येते. ती करून घ्यावी, म्हणजे बीटवरचा हवालदार अधूनमधून घरी डोकावेल. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांक आणि मानसिक ताणासाठीचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या फोनजवळ लावावा. झोप उडणे, छाती धडधडणे, दाराचा आवाज झाला की अंग थरथरणे हे वयाचे खूळ नसून सततच्या धाकाचा परिणाम असतो, हे त्यांच्या मुलांनाही कोणीतरी समजावून सांगावे.

दुसरे काम नोंदवहीचे. साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक घटना त्याच रात्री लिहावी: तारीख, वेळ, नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, कोण हजर होते, दार किंवा काच यांचे काय नुकसान झाले. शिवी लिहायला लाज वाटते म्हणून लोक ‘अर्वाच्य बोलले’ असे लिहितात आणि तिथेच तक्रार लंगडी पडते. ‘त्रास देतात’ असे लिहून दिले की ठाणे अंमलदार अदखलपात्र नोंद करून प्रत हातात देतो, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करता येत नाही. मात्र स्त्रीच्या शालीनतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे किंवा हावभाव करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली दखलपात्र गुन्हा आहे, मुलीचा पुन्हा पुन्हा पाठलाग करणे हा कलम ७८ खाली, आणि पानवाल्याला धमकावून माल किंवा पैसे उकळणे ही कलम ३०८ खाली खंडणी आहे. घटना तीच असते, पण ती कशी सांगितली यावर पुढची सगळी वाट ठरते. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, त्यामुळे त्या-त्या रात्रीची प्रत लगेच काढून ठेवावी. न्यायालयात ती चालण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, ही गोष्ट यंत्रणा बसवणाऱ्याला आताच सांगून ठेवावी.

घटना चालू असताना ११२ ला फोन करावा आणि तो एकाच घरातून न जाता तीन-चार घरांतून जावा. प्रत्येक फोनची नोंद राहते, आणि महिनाभरानंतर वरिष्ठ निरीक्षकांसमोर बसताना ‘लोक कंटाळले आहेत’ या वाक्यापेक्षा अमुक तारखांना अमुक इतके फोन झाले, हे सांगणे कितीतरी वजनदार ठरते. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घेण्यास नकार मिळाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ प्रमाणे तीच फिर्याद लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या शहरात उपायुक्तांकडे, पाठवता येते आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. फिर्याद नोंदली गेल्यावर तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे. हे हक्क भांडायच्या सुरात मागू नयेत. ठाण्यातल्या अंमलदारावर कामाचा केवढा बोजा असतो हे मी जवळून पाहिले आहे, आणि व्यवस्थित कागद घेऊन शांतपणे बसलेल्या माणसाला तो सहसा परत पाठवत नाही.

भीतीबद्दल एक गोष्ट समितीला माहीत असायलाच हवी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधले कलम ५६, म्हणजे आपण ज्याला तडीपारी म्हणतो ते, नेमके अशाच परिस्थितीसाठी केलेले आहे, जिथे साक्षीदार जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने उघडपणे पुढे येत नाहीत. अशा प्रकरणात पोलीस गुप्तपणे जबाब नोंदवतात आणि ज्याच्यावर कारवाई होणार त्याला आरोपांचे ढोबळ स्वरूप सांगितले जाते, साक्षीदारांची नावे सांगितली जात नाहीत. ही टोकाची कारवाई आहे, ती जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी होते, आणि कोपऱ्यावर बसणाऱ्या प्रत्येक पोराला ती लागू करा अशी मागणी करणे चुकीचे ठरेल. बहुतेक टोळक्यांत एखाद-दुसराच खरा दांडगा असतो आणि बाकीचे त्याच्या सावलीत बसलेले असतात. त्या बाकीच्यांसाठी ठाण्यात बोलावून समज देणे, चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेणे, ज्याला बोलीभाषेत चॅप्टर केस म्हणतात, एवढे पुष्कळदा पुरते. त्यांतले कोणी अठरा वर्षांखालील असेल तर त्याच्यासाठी बाल न्याय कायद्याची वेगळी वाट आहे. आणि यादी करताना आपल्याच इमारतीतल्या मुलाचे नाव निघाले, तर ते गाळू नये. असे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे; गाळलेल्या त्या एका नावामुळे सगळा अर्ज सुडाचा दिसू लागतो.

कोपऱ्यावरचा बंद पडलेला दिवा, मागच्या बाजूची पडकी टपरी आणि आडोसा देणारी झुडपे यांसाठी वॉर्ड ऑफिसला वेगळे पत्र द्यावे. हे काम फार छोटे दिसते, पण टोळक्याला अंधार लागतो.

आता सिग्नलवरच्या माणसांकडे वळते. महाराष्ट्रात मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ आजही लागू आहे. त्याखाली पोलीस वॉरंटशिवाय ताब्यात घेऊ शकतात, दंडाधिकारी संक्षिप्त चौकशी करतात, आणि व्यक्ती भिक्षेकरी ठरल्यास तिला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. पुन्हा पुन्हा सापडल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. पहिल्या वेळी समज देऊन आणि बंधपत्र घेऊन सोडण्याचीही तरतूद आहे, आणि माझ्या अहवालांत मी शक्य तिथे तीच शिफारस करत असे. हाच कायदा दिल्लीलाही लावलेला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या त्याच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा देणारे कलम ११ मात्र तसेच ठेवले. तो निकाल दिल्लीपुरता आहे, तरी त्यामागचा विचार महाराष्ट्रातल्या कोणत्याही समितीने लक्षात घ्यावा असा आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सिग्नलवरच्या भिकाऱ्यांना हटवण्याची मागणी आली, तेव्हा आपण अशी उच्चभ्रू भूमिका घेणार नाही, शिक्षण आणि रोजगार नसल्यामुळे माणूस रस्त्यावर भीक मागतो, असे न्यायालयाने म्हटले होते.

या कायद्याची व्याख्या तर आपल्या परंपरेच्या सरळ आड येते. गाणे, नाच, भविष्यकथन, हातचलाखी किंवा किरकोळ वस्तू विकणे यांच्या निमित्ताने दान मागणे हीही तिच्यात भीकच आहे. ज्या समाजात पहाटे दारी आलेल्या वासुदेवाला धान्य घातले गेले, माधुकरी मागून मुले शिकली आणि पोतराज, नंदीवाले, बहुरूपी यांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या दारोदारच्या मागण्यावर चालले, त्या समाजात अनोळखी मागणारा आणि गुन्हेगार यांना एका ओळीत बसवण्याची किंमत फार भयंकर असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून, जमावाने ठेचून मारले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आली होती. आपल्या वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर सिग्नलवरच्या बायकांचे फोटो ‘सावध राहा’ म्हणून फिरत असल्याचे आपण लिहिले आहे. ते आजच्या आज थांबवावे, ही माझी हात जोडून विनंती आहे.

मग त्या माणसांचे करायचे काय, तर आधी त्यांची ओळख करून घ्यायची. दोन सकाळी, समितीतल्या दोन जणांनी, चहा घेऊन, वही न काढता त्यांच्याशी बोलावे. पंधरा जणांत साधारण चार-पाच वेगवेगळ्या कहाण्या निघतात आणि प्रत्येकीचे दार वेगळे असते. घरच्यांनी बाहेर काढलेले म्हातारे गृहस्थ असतील, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो, आणि अर्ज त्यांच्या वतीने एखादी संस्थाही करू शकते. स्वतःशी बोलणारा, केसांच्या जटा झालेला, अन्न देऊ केले तरी न घेणारा माणूस दिसला, तर तो भिकारी नसून आजारी आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेणे ही ठाण्याच्या प्रमुखाची जबाबदारी आहे. अशी माणसे बरी होऊन घरी जातात. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना त्यांच्या गावी पोचवले आहे, आणि त्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कामासाठी शहरात येऊन काम न मिळालेली कुटुंबे सर्वांत लवकर उभी राहतात, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही त्यांच्याकडेच होते. शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक बेघर निवारा असावा असा निकष आहे, पण बायका-पुरुषांचे निवारे वेगळे असले की नवराबायको मुलांसह तिथे जात नाहीत, आणि भंगाराचे पोते आत नेता येत नाही म्हणूनही कितीतरी जण फुटपाथच पत्करतात. वॉर्ड ऑफिसमध्ये विचारताना ‘निवारा आहे का’ इतकेच न विचारता, कुटुंबाला एकत्र ठेवणारा निवारा कुठे आहे, असे विचारावे. आधार कार्ड नसणे हा दुसरा मोठा अडसर. ते नाही म्हणून बँक खाते नाही, आणि खाते नाही म्हणून सफाईच्या ठेक्यावरसुद्धा काम नाही. आपल्या वसाहतीतल्या एखाद्या निवृत्त कारकुनाने चार कुटुंबांची कागदपत्रे करून दिली, तर वर्षभराच्या अर्जांपेक्षा जास्त फरक पडेल. केंद्र सरकारची ‘स्माइल’ योजना १२ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाली. भीक मागणाऱ्यांची पाहणी, निवारा, कौशल्य शिक्षण आणि पुनर्वसन हे तिचे एक अंग आहे आणि दुसरे अंग तृतीयपंथीयांसाठी आहे. आपल्या महापालिकेत ती कोणता विभाग चालवतो, हे लेखी विचारावे.

मुलांच्या बाबतीत मात्र ओळख होईपर्यंत थांबू नये. भीक मागताना आढळलेले मूल हे बाल न्याय कायद्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल असते. १०९८ ला फोन केल्यावर त्याला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला त्या कायद्याच्या कलम ७६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि भीक मागवण्यासाठी मुलाला पळवणे किंवा अपंग करणे यासाठी न्याय संहितेच्या कलम १३९ मध्ये अनुक्रमे किमान दहा आणि किमान वीस वर्षांच्या शिक्षा आहेत. कडेवरचे बाळ सतत झोपलेले दिसते, म्हणून ते चोरलेले किंवा गुंगीचे औषध दिलेले आहे असे आपण ठरवू नये. उन्हात आणि उपाशीपोटी असलेले बाळही तसेच झोपते. आपण फक्त काय दिसले, किती वेळ दिसले आणि तीच बाई वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी बाळे घेऊन येते का, एवढे सांगावे. तपासाचे काम समितीने अंगावर घेऊ नये. सकाळी रिक्षातून उतरवणारा आणि रात्री पैसे गोळा करणारा कोणी दिसला, तर त्याची वेळ आणि गाडीचा क्रमांक कळवावा. भिक्षा अधिनियमाचे कलम ११ आणि मानवी व्यापाराविरुद्धचे न्याय संहितेचे कलम १४३ त्याच्यासाठी आहे, आणि १४३ मध्ये भीक मागायला लावणे हा शोषणाचा प्रकार म्हणून आता स्पष्टपणे नमूद आहे.

भीक देणाऱ्यांनाच रोखावे का, असेही आपण विचारले आहे. इंदूरमध्ये १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. त्याआधी नागपुरात २०२३ मध्ये पोलीस आयुक्तांनी चौकांत भीक मागण्यास बंदी घातली होती. असे आदेश दोन महिन्यांपुरते असतात आणि वाढवत न्यावे लागतात; माणसे तोवर पुढच्या चौकात गेलेली असतात. वसाहतीच्या दारात ‘भीक देऊ नका’ असा फलक लावावा असे मला वाटत नाही. मी स्वतः मुलाच्या हातावर कधीही पैसे ठेवत नाही, कारण त्याची कमाई जितकी चांगली तितका त्याचा शाळेत जाण्याचा दिवस लांबतो. म्हाताऱ्या माणसाला देते, आणि ते माझ्या मनाचे आहे. समितीने लोकांना एवढेच सांगावे की, मुलांना पैसे न देता १०९८ फिरवा, आणि महिन्याचे दानाचे पैसे कागदपत्रांच्या खर्चासाठी एकत्र करा.

कोणी हात धरून, गाडीवर ओरखडे काढून किंवा शिव्याशाप देऊन पैसे मागत असेल, तर ती घटना पहिल्या अर्जात जाते. ती करणारा भीक मागणारा आहे, तृतीयपंथी आहे की सुशिक्षित घरातला आहे, याचा उल्लेखही नको. कृती, तारीख आणि वेळ लिहावी. प्रकार फलाटावर किंवा पुलावर घडला असेल, तर तक्रार रेल्वे पोलीस किंवा रेल्वे सुरक्षा दलाकडे, १३९ या क्रमांकावर करावी. स्टेशनबाहेरचा रस्ता स्थानिक ठाण्याच्या हद्दीत येतो. हद्द आधी नीट विचारून घेतली नाही, तर दोन ठाण्यांमध्ये महिना निघून जातो.

तेव्हा पहिला अर्ज टोळक्याच्या कृत्यांविषयी असावा आणि तो पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे, वहीतल्या नोंदींच्या प्रतीसह, पोच घेऊन द्यावा. दुसरा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आणि वॉर्ड ऑफिस यांच्या नावे असावा, आणि त्यात ‘हटवा’ हा शब्द नसावा. किती माणसे आहेत, त्यांत मुले किती, आजारी किती, आणि कोणाला कशाची गरज आहे, हे असावे. पहिल्या अर्जावरची पहिली सही समितीच्या अध्यक्षांची हवी, आजींची नको. त्यांचा जबाब लागेलच, पण त्यासाठी त्यांना ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. स्त्रियांचा आणि साठ वर्षांवरील व्यक्तींचा साक्षीदार म्हणून जबाब त्यांच्या राहत्या घरीच घ्यावा, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ सांगते. ज्या दिवशी अंमलदार घरी येतील, त्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या बाईंनी शेजारी बसावे, आणि जबाब लिहून झाल्यावर तो आजींना मराठीत सावकाश वाचून दाखवला जाईल, याकडे लक्ष द्यावे.